गोदामात गहू, मग दुकानात पीठ का नव्हतं?

प्रश्न : मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री मी वाण्याकडे धावले, तर पीठ, रवा, साबण सगळं संपलेलं. त्याच आठवड्यात नाशिककडे माझे मामा गाडी मिळेना म्हणून द्राक्षं फेकून देत होते. देशात धान्य भरपूर आहे, असं सरकार सांगत होतं. मग अडलं कुठे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, डोंबिवलीत माझं तीस वर्षांचं किराणा दुकान आहे. 24 मार्चच्या त्या रात्री मीही अर्धं शटर ओढून माल देत होतो.

धान्य खरोखर होतं. एप्रिलच्या सुरुवातीला अन्न महामंडळाकडे गहू-तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून जास्त साठा होता. पण गोणी काही आपणहून चालत येत नाही. वाशीच्या बाजारात माथाडी ती उतरवतो, गिरणीत गहू दळला जातो, कुणीतरी पाच किलोच्या पिशव्या भरतं, टेम्पोवाला माझ्या दारात आणतो. यातले कितीतरी जण घरी अडकले होते, नाहीतर पायी गावाला निघाले होते.

गाड्यांचं तर विचारूच नका. सुरुवातीला नाक्यावर ‘माल जीवनावश्यक आहे का?’ अशी विचारणा व्हायची. पिठाच्या रिकाम्या पिशव्या जीवनावश्यक की नाहीत, हे कुणी ठरवायचं? 29 मार्चला केंद्राने सगळ्याच मालाला मोकळीक दिली. तरी माल उतरवून रिकामी परतणारी गाडी अडायची. तिलाही सोडा, असं 12 एप्रिलला स्पष्ट सांगावं लागलं. ढाबे बंद, पंक्चरवाले बंद. माझ्याकडे आलेला एक ड्रायव्हर दोन दिवस बिस्किटांवर होता. त्याला आम्ही घरातून पोळी-भाजी दिली.

तुमच्या मामांचं दुःख याहून मोठं. गहू महिनाभर थांबतो, द्राक्ष थांबत नाही, आणि मार्च म्हणजे ऐन काढणी. ज्यांना जमलं त्यांनी बेदाणा केला. पुढे मे महिन्यात वाशीचा बाजारच आठवडाभर बंद राहिला.

माझ्याकडे त्या दिवसांत गव्हाच्या अकरा गोण्या पडून होत्या आणि गिऱ्हाईक पिठासाठी रांगेत. शेजारच्या चक्कीवरचा मुलगा गावी गेलेला. शेवटी सत्तरीचे चक्कीमालक स्वतः रोज सकाळी दोन तास उभे राहिले. घरटी पाच किलो, त्याहून जास्त कुणालाच नाही, असं आम्ही ठरवलं, तेव्हा कुठे आमच्या गल्लीत पीठ मिळू लागलं.