कोबा फोडला, आता बुजवायचा कसा?

प्रश्न: जमिनीखालची पाण्याची लाइन गळत होती म्हणून प्लंबरने पॅसेजमधला कोबा फोडून पाइप बदलला. वीतभर रुंद आणि दोनेक मीटर लांब चर झाला होता, गवंड्याने सिमेंटने बुजवून दिला. तीन आठवड्यांत दोन्ही कडांना बारीक चीर गेली आणि मधे ठोकलं की बद्द आवाज येतो. वरून सिमेंट फासून चालेल का? आणि टाइल कधी बसवायची?

उत्तर: नाही हो, वरून फासलेलं पापुद्र्यासारखं निघून येणार. बद्द वाजतंय म्हणजे खाली धरलेलंच नाही, तेव्हा जेवढं वाजतंय तेवढं काढायला लागेल, जिवावर येईल पण इलाज नाही.

काढताना आधी कडा बघा. नुसत्या छिन्नीने फोडलं की जुन्या कोब्याची कड तिरकी राहते, मग नवा माल तिथे कागदासारखा पातळ बसतो आणि तिथेच तुटतो, तुमची चीर बहुतेक तिथलीच आहे. ग्राइंडरने दोन्ही बाजूंना सरळ रेषेत उभा काप घ्या (मास्क लावून, ती धूळ छातीला वाईट) आणि पाइप किती खोल आहे ते आधी बघून घ्या नाहीतर परत प्लंबर.

मग खालचा भराव. प्लंबर लोक निघालेला राबिट (फोडलेले तुकडे-माती) तसाच परत ढकलतात, तो दबतो आणि वरचं अधांतरी राहतं. तो काढून पाइपभोवती वाळू भरा आणि बाकीचं 15 सेंमीच्या थरांनी ठोकून बसवा. कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद होता आणि तो फाटलाय असं दिसलं तर नवा तुकडा सगळीकडून 15 सेंमी जुन्यावर चढवून टेपने चिकटवा. आणि बुजवायच्या आधी लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या, प्रेशर गेजचा काटा जरा जरी खाली आला तरी थांबा.

माल 1 सिमेंट 3 वाळू, वाळू जाडसर, प्लास्टरची बारीक नको. पाणी अगदी कमी, मुठीत दाबला तर गोळा राहिला पाहिजे पण बोटांतून पाणी निघता कामा नये. गवंडी कुरकुर करतील कारण पातळ माल पटकन पसरतो, पण तोच नंतर आकसतो. कडा आदल्या रात्री भिजवा, सकाळी साचलेलं पाणी पुसा, सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सची (पकड वाढवणारं दुधासारखं रसायन) स्लरी म्हणजे पातळ लगदा ब्रशने चोपडा आणि ती ओली आहे तोवरच माल ठोकून भरा, कारण वाळलेली स्लरी धरायच्या ऐवजी सोडवते. पाइपवर निदान 25 मिमी माल हवा. दोन्हीकडच्या जुन्या कोब्यावर पाटा टेकवून ओढा आणि शेवटी वरून कोरडं सिमेंट भुरभुरवू देऊ नका, दिसतं गुळगुळीत पण जाळीसारखे तडे जातात.

7 दिवस प्लॅस्टिक झाकून ठेवा. टाइलला तीन आठवडे बास, पण लाकडी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग असेल तर रोज साधारण 1 मिमी सुकतं असा हिशोब धरा, म्हणजे 5 सेंमीला 50 दिवस. टाइल लावायच्या आधी एकदा परत ठोकून बघा, आवाज खणखणीत आला तरच लावा.