मे महिन्यातली उघड्यावरची मैफल

अरे, नांदेडला कव्वाली, शबद कीर्तन, बंजारा गाणी अशी मिळून मैफल ठेवतोयस ना, मग कलाकारांची यादी नंतर कर, आधी उन्हाचा विचार कर. इथं मे महिन्यात पारा 42च्या पुढे सहज जातो, दिवस मावळला तरी फरशी तापलेलीच असते. साडेसातच्या आत सुरू करू नकोस. रात्री 10 नंतर भोंगा बंद, म्हणजे हातात अडीच तास. त्यात आठ मंडळं कोंबलीस तर माईक मागेपुढे करण्यातच वेळ जाईल; कव्वालीला रंग चढायच्या आत उठवावं लागेल. तीन-चारच घे.

तबला-ढोलकी दुपारी मंचावर ठेवू देऊ नकोस. कातडं ताणतं, सूर चढतो, मग लोकांसमोर हातोडी घेऊन सूर जुळवत बसा! माझं झालंय एकदा.

आणि विचारून कर. शबद कीर्तन, म्हणजे शिखांचं भक्तिगायन, ठेवायचं तर डोकं झाकणं, चपला, बैठक कशी, हे गुरुद्वारातल्या मंडळींनाच विचार. बंजारा बायांना लेंगी म्हणा म्हणू नकोस, ती होळीला गायची गाणी. त्यांना काय गायचंय ते त्या सांगतील. निवेदनात थोडी दखनी, म्हणजे आपल्याकडची उर्दू बोली, येऊ दे, मागच्या रांगाही हसतात.

पाण्याचे रांजण मंचाजवळ नकोत, गर्दी तिथंच अडते.