तोट्यामुळे बंद पडलेली गिरणी आणि कामगारांची देणी

प्रश्न : माझे वडील सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत 27 वर्षे 8 महिने कायम कामगार होते. 2018 मध्ये गिरणी बंद झाली. तोट्यामुळे काहीच देणे लागत नाही, असे व्यवस्थापन म्हणते. हे खरे आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. गिरणी 2018 मध्ये बंद झाल्याने तिला औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 लागू होतो. त्यानुसार सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय असते. मालकाच्या आवाक्याबाहेरील अपरिहार्य कारणाने कारखाना बंद झाला, तर ती तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित होते. पण केवळ आर्थिक अडचण किंवा न खपलेला माल हे असे कारण नव्हे, हे कायद्यातच स्पष्ट केलेले आहे, आणि व्यवस्थापने नेमके तेच वाक्य वाचायचे विसरतात.

ग्रॅच्युइटी याहून वेगळी. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून अखेरचे वेतन 13,000 रुपये धरल्यास त्याला 26 ने भागून 15 ने गुणावे. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष मानला जात असल्याने 28 वर्षांचे 2,10,000 रुपये होतात. ती 30 दिवसांत न दिल्यास व्याजही द्यावे लागते.

भरपाई व ग्रॅच्युइटीसाठी अर्ज कोठे करायचा याची सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी आणि अर्जात विलंबाचे कारण लेखी द्यावे. वेतनचिठ्ठ्या व हजेरीपत्र मात्र आजच शोधा.