रेट्रो स्वयंपाकघर : आधी साल ठरवा, मग सुताराला बोलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातला तीस वर्षं जुना फ्लॅट, ८ बाय १० फुटांचं स्वयंपाकघर. आजीकडे होतं तसं दिसायला हवं, पण डिशवॉशर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, चिमणी यांतलं काहीही सोडायचं नाही. आम्ही सहा वर्षांपूर्वी हेच केलं आणि दोन चुका चांगले पैसे मोजून केल्या. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिला प्रश्न : आजीचं की आईचं? आजी चुलीपुढे पाटावर बसून रांधायची, तिच्याकडे उभा ओटा नव्हताच. तुम्ही वर्णन केलंत ते, म्हणजे कडाप्प्याचा ओटा, वर मांडणी, ओळीने डबे, कोपऱ्यात जाळीचं कपाट, हे गॅस आल्यानंतरचं, १९७०च्या आसपासचं आईचं स्वयंपाकघर. एवढं ठरलं की निम्मी खरेदी आपोआप गळते. इंटिरियरवाल्याला नुसतं ‘रेट्रो’ म्हणालात तर तो पुदिना रंगाचा गोल कोपऱ्यांचा फ्रिज आणि उंच स्टुलं दाखवेल. ते अमेरिकेतलं १९५०चं दशक. छान दिसतं, पण त्यात तुमची आजी कुठेच नाही.

आता ओट्याची उंची. आमची पहिली चूक इथेच झाली. जुने ओटे ३० ते ३२ इंचांचे असतात, आम्हीही हौसेने तेवढाच ठेवला. मोठा डिशवॉशर साधारण ८४-८५ सेंमी उंच, म्हणजे ३३ इंचांच्या वर. तो आला तेव्हा ओट्याखाली जाईना. चार महिने बाल्कनीत उभा होता, वर तुळशीची कुंडी. शेवटी ओटा फोडला आणि दोन पातळ्यांचा केला : सिंक-डिशवॉशरची बाजू ३५ इंच, पोळपाटाची बाजू ३१. सासूबाई जेमतेम पाच फूट. पहिल्याच दिवशी त्या खालच्या बाजूला पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता खांदे वर ओढावे लागत नाहीत.” तेव्हा मशीन आधी निवडा, माप हातात घ्या आणि मगच गवंड्याला बोलवा. ओट्याची आतपर्यंतची खोलीसुद्धा २५-२६ इंच लागते, मागे पाइप येतात.

ओट्याला खरा कडाप्पा घालू नका, असं मी म्हणेन. तो चुनखडीचा दगड, लिंबाचा थेंब किंवा कोकमाचं पाणी सांडलं की तिथली चमक जाऊन फिकट डाग राहतो. काळा ग्रॅनाइट लेदर फिनिशमध्ये, म्हणजे चकचकीत न करता चामड्यासारखा किंचित खरखरीत ठेवलेला, घ्या, दोन हातांवरून फरक कळत नाही. खाली जमिनीला मात्र पॉलिश केलेली शहाबादी जरूर घाला, फक्त ॲसिडने कधी धुऊ नका.

दुसरी चूक फ्रिजची. तो दिसायला नको म्हणून आम्ही सुताराकडून त्याला सागवानी फडताळात बंद करून घेतला. एप्रिलमध्ये बाजूची फळी तव्यासारखी तापायची आणि दूध नासायला लागलं. फ्रिजला मागे-बाजूला हवा लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. उपाय घरातच होता : दुभत्याच्या जाळीच्या कपाटाची दारं! फडताळाच्या वरच्या-खालच्या फळ्या काढून तिथे पितळी जाळी ठोकली, मागे मोकळी जागा सोडली. फ्रिज थंड राहिला आणि फडताळ आधीपेक्षा जुनं दिसायला लागलं.

पितळी भांड्यांबद्दल. तांब्या-पितळेचं साधं भांडं इंडक्शनवर तापत नाही, त्याला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. म्हणून गॅसचे किमान दोन बर्नर ठेवाच. आमटी-कढी पितळेत करणार असाल तर कल्हई हवी, नाहीतर कळकते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात की कल्हई गेली. ही भांडी, लोखंडी कढई आणि लाकडी पोळपाट डिशवॉशरमध्ये घालायचे नाहीत. त्याला स्टील आणि काच द्या.

मांडणीवर बारा डबे, सहा पातेली, चार घागरी असा थाट मांडू नका. फोडणीचा चिकटा आणि रस्त्याची धूळ मिळून पंधरा दिवसांत पितळ काळवंडतं, मग रविवारची सकाळ पितांबरीत जाते. रोज वापरात असलेली सात-आठ भांडीच वर ठेवा. चिमणी लाकडी चौकटीत लपवता येते, पण डक्ट सहा इंचांचा आणि कमीत कमी वळणांचा असू द्या.

वायरिंगला काटकसर नको. २००० वॅटची इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढते, सहा अँपिअरच्या प्लगचं ते काम नाही. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, प्रत्येकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिमी वायर आणि मीटरशेजारी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं बटण. खटक्याची काळी गोल बटणं आवडत असतील तर दिव्यांपुरती लावा.

दिवे वरून पिवळे, पण मांडणीच्या खाली पांढरी पट्टी हवी, नाहीतर तांदळातला खडा दिसत नाही. नळ पितळी रंगाचा, आत सिरॅमिक डिस्कचा.

पाटा-वरवंटा आहे म्हणालात. तो ओट्यावर नका मांडू, उभ्याने वाटताना जोर लागत नाही. आमचा खिडकीखाली जमिनीवर आहे, वर झाकायला पाट. मिक्सर त्याच्याच वरच्या कप्प्यात बसतो. गेल्या महिन्यात पाटा दोनदाच निघाला, दोन्ही वेळा लसणीच्या चटणीला.

सिंकच्या भिंतीचं माप आणि गॅसचा पाइप कुठून येतो ते कळवा, म्हणजे डिशवॉशर कुठल्या बाजूला बसेल ते सांगते.