चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) सरकलेला असेल तर चेहरा वाकडा दिसतो का? ब्रेसेसने सरळ होतो का?

वय २३, तोंड मिटलं की हनुवटी डावीकडे जाते, असं तुम्ही लिहिलंय. आधी आरशासमोर एक करून बघा. तोंड मोठं उघडा आणि अगदी सावकाश मिटत या. पहिला दात दाताला टेकला की थांबा. तोवर हनुवटी मधोमध असेल आणि पुढे दाढा पूर्ण बसवताना बाजूला घसरत असेल, तर बहुधा दोष चाव्याचा आहे. वरचा जबडा अरुंद असला की खालचा नीट बसायला जागा शोधत सरकतो. टेकण्याआधीच हनुवटी बाजूला असेल, तर हाडाची वाढच दोन्हीकडे सारखी झालेली नसण्याची शक्यता जास्त.

माझ्या मुलीचं हे घसरणं सातव्या वर्षी लक्षात आलं. घरात सगळे म्हणाले, दुधाचे दात पडू देत, मग बघू. मी वर्ष घालवलं, त्याची रुखरुख अजून आहे. मग टाळूला एक्स्पान्डर (किल्लीने फिरवून वरचा जबडा रुंद करणारं उपकरण) बसवला. रोज रात्री ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आ करायची आणि मी किल्ली फिरवायचे. एका वेळी पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडली. मी घाबरले, पण डॉक्टर खूश! टाळूच्या मधली हाडाची शिवण उघडत असल्याची ती खूण होती. फट पुढे आपोआप मिटली आणि हनुवटी मध्यावर आली.

तुमच्या वयात ही शिवण घट्ट झालेली असते. नुसत्या किल्लीने बऱ्याचदा दाढाच बाहेर कलतात, म्हणून हाडात स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रियेची मदत घेऊन जबडा रुंद करतात. ब्रेसेस दात हलवतात, जबडा नाही. घसरणं थांबलं तर हनुवटीत फरक दिसेल, पण हाडच असमान असेल तर ब्रेसेसच्या जोडीला जबड्याची शस्त्रक्रिया लागते.

लहानपणी हनुवटीवर पडला होतात का, हे आईला नक्की विचारा. कानापुढचा सांधा तेव्हा दुखावला असेल तर त्या बाजूची वाढ मागे पडते. आणि वाकडेपणा अजून वाढतोय असं जुन्या फोटोंवरून वाटलं, तर थांबू नका, लगेच ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात-जबडा सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाकडे) जा.

जाण्याआधी आइस्क्रीमची चपटी काडी दाढांमध्ये आडवी धरून समोरून फोटो काढून ठेवा. काडी डोळ्यांच्या रेषेला समांतर नसेल तर तो फोटो त्यांना आधी दाखवा.