फिनेस बास फिशिंगसाठी स्पिनिंग रॉड: मीडियम-लाइट घ्यावा की मीडियम?

बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी फिनेस, म्हणजे बारीक लाईन आणि हलकं आमिष वापरून मासेमारी करायला कोणता रॉड घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. तुमचा मित्र म्हणतो, "मीडियम पॉवर, एक्स्ट्रा-फास्ट ॲक्शन घे, कडक रॉडवर चावा जास्त कळतो." हे मी इतकी वर्षं ऐकत आलोय की तुमचा प्रश्न वाचून पुढे जाता आलं नाही.

आधी उत्तर देऊन टाकतो. (पॉवर म्हणजे रॉड किती कडक; ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असेल तर मुख्यतः टोकाकडून.) मीडियम-लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन, लांबी ६ फूट १० इंच ते ७ फूट २ इंच. ड्रॉप शॉट (शिसं तळाला, गळ त्याच्या वर), नेड रिग, वॅकी, अशा हलकं आमिष लावायच्या सगळ्या पद्धती त्यात निभावतात.

आता तुमच्या मित्राबद्दल. चावा कळणं ही त्याच्या मते रॉडची पहिली परीक्षा. मला ते पटत नाही. हल्ली बरेच जण रिळावर १० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन भरतात आणि पुढे ६ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा पारदर्शक लाईनचा तुकडा जोडतात. ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे खालची टकटक हातापर्यंत आपसूक येते. चांगल्या ग्रॅफाइटचा, वजनाला हलका ब्लँक (रॉडची मुख्य काठी) असेल तर मऊ रॉडवरही ती स्पष्ट कळते. कडकपणा आणि संवेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण न ताणणाऱ्या या ब्रेडची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. पूर्वी नायलॉनची लाईन स्वतः ताणून माशाचा हिसका सोसायची. ब्रेड सोसत नाही. ड्रॅगला, म्हणजे जोर वाढला की लाईन सोडणाऱ्या रिळातल्या ब्रेकला, सुटायला एक क्षण लागतो, आणि तेवढ्या क्षणात वाकायचं काम एकट्या रॉडचं असतं. तो वाकला नाही तर सगळा भार गाठीवर, नाहीतर त्या बारीक तारेच्या गळावर.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझ्याबरोबर एकाच बोटीत अनेक वर्षं मासेमारी करणारे एक गृहस्थ होते, माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. मऊ रॉड म्हणजे शिकाऊ माणसाचा रॉड, हे त्यांचं ठाम मत, आणि ते चारचौघांत माझा रॉड हातात न घेताच सांगायचे. एका शरद ऋतूच्या शेवटी, पाणी गार आणि काचेसारखं नितळ, आम्ही खडकाळ उताराच्या कडेला सुमारे ३० फूट खोल ड्रॉप शॉट सोडले होते. खाली स्मॉलमाउथ (बासची एक जात) होते, पाव औंसाचं शिसं तळाला टेकलं की लगेच चावत होते. त्या दिवशी दोघांचे लीडर मीच बांधले होते, एकाच रिळातले. गळसुद्धा एकाच पाकिटातले. फरक होता तो फक्त रॉडचा.

मासे त्यांनाही लागत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याहून जास्त. पण स्मॉलमाउथ बोटीचा तळ पाहतो तेव्हा काय करतो ते तुम्हाला ठाऊक असेलच: सरळ खाली सूर मारतो. त्या वेळी वर जेमतेम दोन मीटर लाईन बाहेर असते. माझा रॉड अशा वेळी मुठीच्या पुढपर्यंत वाकायचा, टोक पाण्यात जायचं, लीडरची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीतून खट्कन बाहेर पडल्याचं बोटाला जाणवायचं, मग ड्रॅग हळूहळू सुटायला लागायचा. त्यांच्या रॉडचं नुसतं टोक वाकायचं, पुढे मधला भाग काठीसारखा ताठ. एका माशाला लीडर तुटला. पुढच्याला गळ परत आला तो उघडलेला, टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "लाईन जुनी आहे तुझी." त्याच लाईनवर माझा मासा त्या क्षणी जाळ्यात होता. मी रॉडची अदलाबदल करू म्हटलं, त्यांनी नकार दिला. त्यानंतरही ते लाईनलाच दोष देत राहिले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: फिनेसचा रॉड चाव्यासाठी निवडू नका, बोटीजवळच्या त्या शेवटच्या दोन मीटरसाठी निवडा. तिथे मासा हरवतो.

घेताना रॉडवरच्या "मीडियम-लाइट" या शब्दावर विसंबू नका. पॉवरचं सर्वमान्य मोजमाप नाही, एका कंपनीचा मीडियम-लाइट दुसरीच्या मीडियमएवढा कडक निघतो. मुठीच्या वर लिहिलेली आमिषाच्या वजनाची मर्यादा वाचा. १/१६ ते ५/१६ औंस, म्हणजे साधारण २ ते ९ ग्रॅम, अशी असेल तर ठीक. मग कोणाला तरी टोक धरून हळू खाली ओढायला सांगा आणि वाक कुठपर्यंत येतो ते बघा. वरचा तिसरा हिस्सा आधी वाकायला हवा, जोर वाढला की मधला भागही हळूहळू यायला हवा. एका ठिकाणी येऊन वाक अडला तर तो रॉड ठेवून द्या. तुमचं २५०० आकाराचं रीळ लावून तोलही बघा, टोक जड वाटलं तर दिवसभरात मनगट धरतं. मूठ कॉर्कची की फोमची, यावर वेळ घालवू नका.

मऊ रॉडवर गळ रुतत नाही, ही तक्रारही ऐकाल. बारीक तारेच्या गळाला झटका द्यायची गरजच नसते. रीळ फिरवून ढील काढा, रॉड एका बाजूला ओढत न्या, तो आपोआप रुततो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव हिस्स्यावर ठेवा. ६ पौंडाला दीड पौंड.

आता हे सगळं उघड्या पाण्यासाठी आहे, हे सांगायचं राहिलं. पाण्यात बुडालेली झुडपं किंवा दाट गवत असेल, किंवा शेकी हेडला (शिशाचं डोकं असलेला, तळाला टेकवायचा गळ) जाड तारेचा गळ प्लॅस्टिकमध्ये लपवून वापरत असाल, तर मीडियमच घ्या आणि लीडर ८ ते १० पौंडी करा. तिथे माशाला पळू देणं परवडत नाही. कयाकमध्ये बसून मासेमारी करत असाल तर साडेसहा फुटी रॉड हाताळायला सोपा जातो.

आणि मित्राला एकदा विचारा, तो लीडर किती पौंडी लावतो. १० पौंडी आणि जाड गळ म्हणाला, तर त्याचा रॉड त्याच्यासाठी योग्यच आहे, पण तुम्ही विचारलेलं फिनेस तो करत नाहीये. ६ पौंडी म्हणाला, तर बोटीजवळ किती मासे सुटतात तेही विचारा.