अमेरिकेतील समुपदेशनाची पदवी आणि परवान्याचे गणित

सादर नमस्कार.

नाशिकहून लिहिलेले आपले पत्र मिळाले. मुलगी बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकेत जाऊन ‘क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग’ या विषयात मास्टर्स करायचे तिने ठरवले आहे आणि त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढण्याची आपल्या यजमानांची तयारी आहे. ‘दोन वर्षांत ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होऊन तिकडे स्थिरावेल ना?’ असे आपण विचारले आहे. या प्रश्नात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि तिन्ही दुरुस्त करून घ्याव्या लागतील.

पहिली गोष्ट नावाची. अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतंत्र व्यवसाय करायचा, तर साधारणपणे पीएच.डी. किंवा साय.डी. ही डॉक्टरेट लागते. आपल्या मुलीने निवडलेल्या अभ्यासक्रमातून परवानाधारक समुपदेशक तयार होतात. त्यांना कुठे एलपीसी, न्यू यॉर्कमध्ये एलएमएचसी, तर कॅलिफोर्नियात एलपीसीसी म्हणतात, कारण परवाना देण्याचे काम तिथे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. हा दर्जा कमी प्रतीचा आहे असे मुळीच समजू नये. औषधे लिहून देण्याचा अधिकार या समुपदेशकांना नसतो. पण नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा त्रास अशा रुग्णांबरोबर ते थेट काम करतात आणि १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजनाही त्यांच्या सेवेचे पैसे देऊ लागली आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. केक्रेप या समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम ६० सेमिस्टर-क्रेडिटचा असतो आणि तो पूर्ण व्हायला बहुधा दोन ते तीन वर्षे लागतात. मानवी विकास, गट-समुपदेशन, मूल्यमापन, संशोधन, व्यावसायिक नीती हे विषय आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फारसे जड जात नाहीत. त्यांची कसोटी लागते ती प्रत्यक्ष कामात. आधी किमान १०० तासांचे प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव असतो, त्यातले ४० तास समोर क्लायंट बसलेला असतो. नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात असे २४० तास. या काळात दर आठवड्याला अनुभवी समुपदेशकाबरोबर सुपरव्हिजन चालते. विद्यार्थ्याने घेतलेल्या सत्राचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत पुन्हा लावली जाते आणि ‘इथे तू घाईने सल्ला का दिलास?’, ‘ती रडू लागली तेव्हा विषय का बदललास?’ अशा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. गुणपत्रिकेवर आयुष्यभर वरचा क्रमांक मिळवलेल्या मुलांना हे फार लागते. शिवाय विद्यार्थी या कामाला स्वभावाने योग्य आहे का, याचेही मूल्यमापन प्राध्यापक करत असतात आणि गुण उत्तम असूनही एखाद्याला थांबवण्याचा अधिकार त्यांना असतो. बाहेरच्या संस्थेतील इंटर्नशिपसाठी एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील विद्यार्थ्याला सीपीटी ही शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी घ्यावी लागते. ती पूर्णवेळ स्वरूपात १२ महिने वापरली, तर पदवीनंतरच्या कामाचा हक्कच जातो.

तिसरी गोष्ट पैशाशी जोडलेली आहे, म्हणून ती सावकाश वाचावी. पदवी हातात पडली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही. त्यासाठी राज्याने ठरवलेली परीक्षा द्यावी लागते आणि पदवीनंतर पर्यवेक्षणाखाली हजारो तास काम करावे लागते. टेक्ससमध्ये ३,००० तास आणि तेही १८ महिन्यांच्या आत पुरे करता येत नाहीत. कॅलिफोर्नियात ३,००० तास आणि किमान दोन वर्षे. दुसरीकडे, परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या कामाच्या परवानगीखाली काम करायला मिळतात १२ महिने. अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या शाखेला सहसा मिळत नाही, कारण हा विषय स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या यादीत बसत नाही. म्हणजे परवान्याचे तास पुरे होण्याआधीच व्हिसाची मुदत संपते. मधला काळ भरून काढायला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा प्रायोजित करणारी संस्था शोधावी लागते. अशा संस्था आहेत, पण परवाना नसलेल्या नवख्या समुपदेशकासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या थोड्याच, असे माझे मत आहे. शेजाऱ्यांचा मुलगा संगणक शिकून तिकडे स्थिरावला, म्हणून हाही मार्ग तसाच असेल या समजुतीने फ्लॅट तारण ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

ती परत आली तर काय, हे आपण विचारलेले नाही. पण तेही पाहायला हवे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि अमेरिकेतील समुपदेशनाच्या मास्टर्समुळे ती आपोआप मिळत नाही. समुपदेशक म्हणून मात्र ती इथे काम करू शकेल आणि तिकडच्या सुपरव्हिजनचा तिला खरोखर उपयोग होईल.

माझा कल असा आहे की तिने आधी इथे एम.ए. करावे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुपदेशनाच्या प्रवेशासाठी प्रयत्न करावा आणि मग वर्ष-दोन वर्षे एखाद्या रुग्णालयात, शाळेत किंवा हेल्पलाइनवर काम करावे. इथल्या एम.ए.मुळे तिकडचे ६० क्रेडिट फारसे कमी होणार नाहीत, हे मान्य आहे. पण आपल्याकडची तीन वर्षांची पदवी न स्वीकारणाऱ्या विद्यापीठांचे दार त्यामुळे उघडेल आणि मुख्य म्हणजे रोज चार-पाच माणसांचे दुःख ऐकून घरी आल्यावर आपल्याला जेवण जाते का, हे तिला कर्ज काढण्याआधी कळेल. सासरचा जाच सोसणारी बाई ‘डोकं जड होतं’ एवढेच म्हणते, तेव्हा त्यामागचे ऐकू येण्याचा सराव मराठीत जितका लवकर होईल, तितका परक्या भाषेत होणार नाही.

तरीही आताच जायचे ठरले, तर अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाला ई-मेलने विचारावे: केक्रेपची मान्यता याच अभ्यासक्रमाला आहे का, इंटर्नशिपची जागा विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायची आणि गेल्या काही वर्षांतील परदेशी विद्यार्थ्यांपैकी परवान्यापर्यंत किती जण पोहोचले. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आले, तर तिथे अर्जाची फी भरू नये.

एक विनंती आहे. आपले पत्र चार पानांचे आहे, पण मुलीला हेच काम का करायचे आहे, याबद्दल त्यात एक ओळही नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला पहिल्यांदा तेच विचारतील. तेवढे तिने स्वतःच्या हाताने लिहून पाठवावे. मग विद्यापीठांची यादी आपण मिळून करू.